वहिनीचं ग्रीक

वहिनी, मी आले. सगळं आटोपल्यावर आले.

दादा मलकापूरला स्टेशनवर घ्यायला उभा होता. त्याने माझी बॅग उचलली. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. मोताळा येईपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. दोन्ही बाजूंना वखरून ठेवलेली रानं होती, आणि माझं लक्ष फक्त समोरच्या काचेवर होतं. कुणीतरी धुळीत बोटाने रेघ ओढली होती. ती कुणी ओढली असेल, एवढाच विचार मी रस्ताभर करत होते.

दारात खूप चपला होत्या. बायका उठल्या, मला धरून रडल्या. मी त्यांच्या खांद्यांवर हनुवटी टेकवून भिंतीकडे पाहत राहिले. भिंतीवर नेहमीचे दोन फोटो होतेच, खाली आता तिसरा होता. तुझा. बुलढाण्याच्या लग्नात आपण दोघींनी काढलेला. मला कापून टाकलं आहे, पण नीट जमलेलं नाही. तुझ्या डाव्या बाजूला माझ्या हिरव्या साडीचा खांदा थोडा राहिला आहे. हाराखाली तो झाकला जातो, हार सुकून खाली आला की दिसतो.

पुण्यानुमोदन झालं. भंते आले, वंदना झाली, जेवणं झाली. मी पाणी वाढत होते. कुणी काय विचारलं, मी काय सांगितलं, मला नीट आठवत नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तू तिकडं शिकून काय राह्यली वो पोरी?" मी म्हटलं, "भाषा." "इंग्रजी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणून टाकलं.

तू असतीस तर असं होऊ दिलं नसतंस. तू काकूंना खाली बसवलं असतंस. "इंग्रजी काऊन? ग्रीक अन् लॅटिन! दोन-अडीच हजार वर्सांच्या भाषा हाये त्या. आता कोनी बोलत नाई, पन त्यायच्यात लेहून ठेवेल लय आहे." हे तू बांगड्या भरायला आलेल्या बाईला सांगितलं होतंस, गॅसवाल्याला सांगितलं होतंस, बाजारात शेंगा निवडता निवडता अनोळखी माणसालाही सांगितलं होतंस. मला लाज वाटायची. आता सांगणारं कुणी नाही, तर मी काकूंना हो म्हणून मोकळी झाले.

मला पाली येत होती. एम.ए.ला सर एकदा बोलता बोलता सांगून गेले होते, की मौर्य सम्राटाने वायव्येकडच्या आपल्या प्रजेसाठी काही लेख ग्रीकमध्येही कोरून घेतले होते. बाकीच्यांनी ते लिहून घेतलं आणि विसरले. माझ्या डोक्यात ते रुतून बसलं. आपलाच माणूस, आपलंच म्हणणं, आणि त्या दगडापुढे उभी केली तर मी निरक्षर. दादा म्हणत होता, वकील हो. आई म्हणत होती, बी.एड. कर. तू तेव्हा घरात नवी होतीस, जानेफळहून आलेली, पहिल्या वर्षानंतर बी.ए. सोडून लग्न झालेली. तू कुणाचीच बाजू घेतली नाहीस. मला परदेशी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मात्र सगळ्यात आधी पेढे तू आणलेस, आणि मग मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, "पन हे ग्रीक म्हंजे नेमकं काय असते?"

तिकडच्या त्या जुन्या विद्यापीठात पहिले दोन महिने मी रोज हरत होते. वर्गातली निम्मी मुलं शाळेपासून लॅटिन शिकून आलेली. दर आठवड्याला चाचणी. प्रत्येक चाचणीत सगळ्यात कमी गुण माझे. एका सकाळी मी तुला फोन करून म्हटलं, "वैनी, मी वापस येऊन राह्यली."

"काऊन?"

"पाठच होत नाही. एका एका क्रियापदाचे केवढे रूपं हायेत, तुले सांगून समजणार नाही."

"पाढे कसे पाठ केले होते लहानपनी?"

"बाबा म्हणून घेत."

"मंग म्हणून घेनारं मानूस पायजे तुले. पुस्तकाचे फोटो धाड."

"तुले वाचता कुठं येते ते?"

"आपल्या अक्षरात लेहून धाड. मी का परीक्षा देऊन राह्यली?"

असं ते सुरू झालं. माझी सकाळ, तुझी दुपार. दादा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला गेलेला, आई जेवून आडवी झालेली, तू मागच्या ओट्यावर. तू फोन पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवायचीस. त्यामुळे मला तुझा अर्धाच चेहरा दिसायचा आणि मागे गाय. तू विचारायचीस, मी सांगायचे. चुकलं की तू म्हणायचीस, "पुन्हा." रागावून नाही, कंटाळूनही नाही. फक्त पुन्हा.

महिन्याभरात तुला देवनागरीत लिहिलेलं नको झालं. मूळ अक्षरं पाहिजेत म्हणालीस. "चोवीसच तं हायेत. आपली बाराखडी पाहशीन तं अर्धी जिंदगी जाते." दिवाळीच्या फराळात तू ती अक्षरं शिकलीस. करंज्या वळताना पिठात बोटाने काढलेल्या थीटाचा फोटो मला पाठवलास. आई म्हणाली म्हणे, हे काय चित्र काढून राह्यली सकाळपासून.

ग्रीकमधलं पहिलं क्रियापद सगळ्यांनाच शिकवतात, ल्यूओ. मी सोडते, मोकळं करते. वर्गात ते आम्ही नुसतं रूप म्हणून घोकलं. तुला अर्थ पाहिजे होता. अर्थ कळला तशी तू उठलीस, वासराचं दावं सोडलंस आणि तिथूनच ओरडलीस, "ल्यूओ!" वासरू गायीला जाऊन लागलं. नंतर कितीतरी दिवस दूध काढायच्या आधी तू ते म्हणायचीस, आणि दादा म्हणायचा, या घरात ढोरंबी आता इंग्लंडले जातीन.

ग्रीक माणसं भेटताना आणि निरोप घेताना एकच शब्द म्हणत, खाइरे. आनंदात रहा, असा त्याचा अर्थ. मी तो सांगितला तेव्हा तू इतकी हसलीस की फोन टाकीवरून खाली पडला. "आमच्या जानेफळात खैऱ्यायचं घर आहे! सांगतो त्यायले, का तुमचं आडनाव ग्रीक आहे म्हून." पुढच्या खेपेला माहेरी गेलीस तेव्हा खरंच सांगून आलीस. ते म्हणाले, बरं.

आणि ते त-थ चं. तुला सांगितलेली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. आमच्या बाई वर्गात समजावत होत्या, की जुन्या ग्रीकमध्ये त आणि थ वेगळे, प आणि फ वेगळे, क आणि ख वेगळे, आणि हा फरक इंग्रजी कानाला ऐकूच येत नाही. प्रत्येकाला म्हणायला लावलं. कुणालाच जमेना. माझी पाळी आली. मी नुसतं त, थ, प, फ, क, ख म्हटलं. बाई थांबल्या. म्हणाल्या, पुन्हा म्हण. मग वर्गाला म्हणाल्या, ऐका, हे असं होतं. त्या दिवसानंतर मी वर्गात मागे बसणं सोडलं. तुला सांगितलं तर तुझा विश्वासच बसेना. "म्हंजे त्यायले ताट अन् थाट सारखंच? मंग ते जेवतात कशात?"

एक प्रकार तुला फार आवडला होता. ग्रीकमध्ये क्रियापदाचं एक वेगळं रूप असतं, काम स्वतःसाठी केलं तर वापरायचं. फेरो म्हणजे मी नेते, वाहून नेते. फेरोमाय म्हणजे मी स्वतःसाठी नेते, मिळवते. तू ते दोन-तीनदा म्हणून पाहिलंस.

"माय लावली का आपल्यासाठी होते?"

"हाव."

"आपल्याकडं तं माय लागली का सगळ्यायसाठीच होते." तू हसलीस. मग हसायची थांबलीस. लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती. पाहुणे आले की कुणी ना कुणी तुझ्या पोटाकडे पाहून बोलायचंच, आणि तू चहाचे कप उचलून आत जायचीस. मी विषय बदलला. तूही बदलू दिलास. पुढे थोड्याच दिवसांनी तू सांगितलंस, की तू बी.ए.ला बाहेरून पुन्हा नाव टाकलंस. इतिहास आणि पाली. आई दोन दिवस बोलली नाही. दादा बुलढाण्याला जाऊन पुस्तकं घेऊन आला आणि आईसमोर टेबलावर ठेवली. तू दुसरं वर्ष पास झालीस. तिसरं राहिलं.

दादाच्या नावाची गंमतही त्याच वर्षातली. मी तुला म्हटलं, मिलिंद हे नाव मुळात एका ग्रीक राजाचं आहे. तो आपल्या देशात राज्य करायचा, भिक्खूला प्रश्न विचारून विचारून शेवटी शरण गेला, आणि त्याचं ग्रीक नाव पालीत येता येता मिलिंद झालं. तू फोन तसाच उघडा ठेवून बाहेर धावलीस. दादा नुकताच येऊन पाय धूत होता. मला तुझा आवाज ऐकू आला, "ओ राजे! तुम्ही ग्रीक हाये म्हने!" आणि त्याचा, "कोन म्हनते?" आणि तुझा, "विद्यापीठ!" त्यानंतर घरात भाजी कमी पडली की तू म्हणायचीस, राजायले आधी वाढा.

दुसऱ्या वर्षी मी लॅटिन थडगी वाचायला लागले. साध्या माणसांच्या कबरींवरच्या पाट्या, कुंभार, दाई, सुटका झालेल्या गुलाम बायका. तुला आधी ते आवडलं नाही. "मेलेल्यायच्या पाट्या वाचाले येवढ्या दूर कायले जा लागते?" पण तू ऐकत होतीस. बायकांच्या पाट्यांवर काय असतं, मी सांगितलं. घर सांभाळलं, सूत कातलं, नवऱ्याशी भांडली नाही.

"बस?" तू म्हणालीस. "नाव काय होतं तिचं?"

मी सांगितलं, की रोमन मुलींना बहुधा वेगळं नाव नसायचंच. बापाच्या कुळाचं नाव तेच सगळ्या बहिणींना. फार तर थोरली, धाकटी, तिसरी.

"मंग हाक मारली तं तिघीबी येत असतीन." तू पुन्हा हसशील असं मला वाटलं. पण तू म्हणालीस, "आज नको सांगू प्रज्ञा मले काही. माह्यं डोकं दुखून राह्यलं." आणि फोन ठेवलास.

आपलं खरं भांडण त्या शिलालेखावरून. ज्याच्यासाठी मी गेले, तो मी शेवटी वाचू लागले, तर तुझ्यासोबतच वाचायचा असं ठरवलं. एकेक ओळ. मी तुला प्रत्येक शब्द फोडून द्यायचे. आणि आपण त्या शब्दावर आलो. कोरणाऱ्याने धम्मासाठी ग्रीकमध्ये जो शब्द घातला आहे, त्याचा अर्थ देवांबद्दलचा आदर, भक्ती.

"हे कोनं केलं?"

"कोणी भाषांतर करणारा असेल. तिथलाच."

"चुकलाच तो."

"चुकला नाही वैनी. त्याच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता."

"नव्हता तं धम्मच लेहाचं. त्यायच्या अक्षरात."

"वाचणाऱ्याले समजलं कसं असतं?"

"नसतं समजलं. मंग त्यानं कोनाले तरी इचारलं असतं, का बाप्पा हे काय आहे. आता त्यानं भक्ती म्हून वाचलं, त्याले वाटलं समजलं, अन् तो आपल्या घरी निंगून गेला."

मी म्हटलं, उन्हात चालत आलेला माणूस दगडापुढे उभा आहे, त्याच्या हातात काहीतरी दिलं पाहिजे, रिकामा कसा पाठवायचा. तू म्हणालीस, चुकीचं देऊन पाठवण्यापेक्षा रिकामा बरा. आपण दोघी आवाज चढवून बोलत होतो. आई उठून आली. मला अजूनही वाटतं तू चूक होतीस. भाषांतर करणाऱ्याला कधीतरी थांबून एक शब्द निवडावाच लागतो. पण मी निबंधात तुझं म्हणणंही लिहिलं, अर्ध्या पानाचं. बाईंनी तिथे लाल शाईत विचारलं, हा आक्षेप कुठून घेतला, संदर्भ द्या. मी तळटीप दिली, व्यक्तिगत संभाषण, मोताळा. तुला ते सांगायचं राहिलं. म्हणजे मुद्दामच ठेवलं होतं, जुलैत आल्यावर छापलेलं पानच हातात द्यावं म्हणून. शिलालेखाचा उरलेला भागही आपण तेव्हाच वाचणार होतो. तू म्हणाली होतीस, भांडन समोरासमोर करू, फोनवर मजा नाई येत.

आता मे महिन्याचं.

परीक्षा जवळ आली तसा तुझा व्हिडिओ बंद झाला. नेटवर्क नाही म्हणालीस. मग, उन्हानं मोबाइल तापून राह्यला. मोताळ्याचं मे महिन्यातलं ऊन मला माहीत आहे, मी विश्वास ठेवला. तुझा आवाज बारीक वाटला. "झोपून उठली," म्हणालीस. मागे कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली. मी विचारलं, कोण आहे? "टीव्ही." तू लॅटिनची रूपं विचारायचीस, मी उत्तर द्यायचे, आणि तू "हाव" म्हणायला फार वेळ लावायचीस. मला वाटायचं तू पानावर पडताळून पाहते आहेस. एकदा मीच चिडले. "वैनी, लवकर सांग ना, मले पुढचं करायचं आहे." तू म्हणालीस, "हाव. बरोबर आहे. पुढं चाल."

साध्या काविळीने सुरू झालं म्हणतात. बुलढाण्याच्या दवाखान्यात, मग तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात, मग घरी. हे सगळं मला नंतर कळलं. तू दादाकडून वचन घेतलंस, पेपर होईपर्यंत प्रज्ञाला सांगायचं नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा शेवटचा पेपर होता. तू गेलीस त्याच संध्याकाळी मी दादाशी फोनवर बोललेसुद्धा. तो म्हणाला तू झोपली आहेस. मी बरं म्हटलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

पेपर चांगला गेला, वहिनी. हे मी तुलाच सांगू शकते. एका वकिलाच्या भाषणाचा उतारा होता, लांबलचक वाक्यांचा, आणि मला प्रत्येक वाक्याचं क्रियापद बरोबर सापडत होतं. मी बाहेर आले. हिरवळीवर मुलं ओरडत होती, एकमेकांवर पाणी उडवत होती. मी फोन चालू केला. दादाने सांगितलं. मी ऐकलं. बरं म्हटलं, ठेवते म्हटलं. मग ग्रंथालयात जाऊन पुस्तकं परत केली. खोलीवर जाऊन कप धुतला. एक दुसरा स्वच्छच होता, तोही धुतला. तिकिटाचं कुणीतरी पाहिलं, बहुधा वर्गातल्या मुलीने. तिने मला विचारलं, जवळचं कोण होतं? वहिनी म्हणजे इंग्रजीत जे काय म्हणतात ते मी सांगितलं. तिने डोकं हलवलं. तिला वाटलं, समजलं.

इथे आल्यापासून मी दादाशी बोलले नव्हते. ताट वाढून समोर ठेवायचे आणि आत जायचे. तो अर्धं खाऊन उठायचा. आई एकदा म्हणाली, "त्याचं काय चुकलं? तिनंच वचन घेतलं होतं." मी म्हटलं, मला माहीत आहे. खरंच माहीत होतं. तुझ्यावर रागवायला हवं होतं, पण तू भिंतीवर हारात होतीस, आणि तो समोर चालत-फिरत होता. तुझ्याविषयीचं मला एवढंच म्हणायचं आहे, की तू मला विचारायला हवं होतंस. पेपर मोठा की तू, हे माझं मी ठरवलं असतं. तू म्हणशील, चूकच ठरवलं असतंस. म्हण.

बाकी दिवस कसे गेले सांगता येत नाही. मी झाडून काढते. गायीला पेंड घालते. तुझ्या दोन साड्या दोरीवर होत्या, त्या घडी करून कपाटात ठेवल्या. दुपारी ओट्यावर बसते आणि बसून राहते. दुःख होत असेल, पण ते कुठे आहे ते कळत नाही. पायाला मुंगी आल्यावर पाय आपला वाटत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं आहे.

आज दुपारी निकाल आला. ओट्यावरच होते. मेल उघडला, गुण पाहिले आणि अंगठा आपोआप तुझ्या नावावर गेला. माझ्या ध्यानातही आलं नाही. आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. तुझा फोन, तीच धून. दादाने तो चार्ज करून ठेवला होता, हे मला माहीत नव्हतं. मी कापायला हवा होता. कापला नाही. मग धून थांबली आणि कानात दादाचा आवाज आला.

"बोल."

एका भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तो.

"निकाल लागला."

"पास?"

"हाव. चांगला लागला."

पंख्याचा आवाज मला दोनदा ऐकू येत होता, फोनमधून आणि खिडकीतून. मग तो म्हणाला, "मी दोन डाव लावला होता तुले फोन. दवाखान्यातून. तिनं हातातून घेतला. म्हने, प्रज्ञा पेपर टाकून येईन. अन् आली तं मले पाहून का मी बरी होईन?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मले वाटलं होतं उठन ती. खरंच वाटलं होतं प्रज्ञा. तुहा पेपर होईन तवरोक उठून बसन, अन् मंग तूच रागावशीन तिच्यावर. तुमचं तुम्ही पाहून घेसान. तुह्या फोनच्या टायमाले मी पान धरत होतो तिच्यासमोर. ती म्हने, नका धरू, हात दुखतीन. पाठ आहे."

"अन् त्या दिवशी?" मी विचारलं. मला हेच विचारायचं होतं, स्टेशनपासून. "त्या संध्याकाळी? तेव्हा तं ती गेली होती ना दादा. तेव्हा कोणाचं वचन होतं?"

भिंतीपलीकडे खाट करकरली. मला वाटलं त्याने फोन ठेवला.

"कोनाचंच नाई," तो म्हणाला. "लोकं बसले होते आंगनात. मी गोठ्याच्या मागं जाऊन उचलला तुहा फोन. सांगाले तोंड उघडलं, तं झोपली आहे येवढंच बोलता आलं. तू म्हनली, बरं झोपू दे, उद्या पेपर झाला का करतो म्हनून सांगजो तिले. माह्या तोंडून निंघालं, सांगतो."

"मंग?"

"मंग आत गेलो. लोकायले थोडं बाजूले सराले लावलं. तिच्या कानाजवळ बसलो अन् सांगितलं, उद्या पेपर झाला का प्रज्ञा फोन करते म्हने."

मी ओट्यावरून उठले. स्वयंपाकघरात गेले. त्याचं दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलेलं होतं. वरण गरम केलं, भाकरी पुन्हा तव्यावर टाकली. फोन खांद्याने कानाशी धरलेला होता. पलीकडून तो श्वास घेत होता, एवढंच ऐकू येत होतं. मी म्हटलं, "दादा, जेवाले ये."

तो आला. पाटावर बसला. पुढे मी काय करणार, परत जाणार की नाही, हे मी ठरवलेलं नाही. तुझं म्हणणं मला ठाऊक आहे. त्यावरही आपलं भांडण झालं असतं. मी ताट ठेवलं, आणि या वेळी आत गेले नाही. तिथेच खाली बसले. त्याने भाकरी मोडली, घास तोंडाजवळ नेला, पुन्हा खाली ठेवला.

"वरण घाल थोडं," तो म्हणाला.

मी घातलं.